एकटोच इलंस?

"एकटोच इलंस?" दारावर मनगटावर शिक्का मारणाऱ्या काकांनी विचारलं. हो म्हटलं, तरी त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिलंच. कुणीतरी येत असणार, अशा खात्रीने.

मालवणातला छोटा हॉल, रॉकचा कार्यक्रम, जेमतेम साठ माणसं. बेस गिटार सुरू झाली की माझ्या ग्लासातल्या सोलकढीवर बारीक वर्तुळं उठायची. (रॉक आणि सोलकढी. जमतं हो!) सोबत कुणी असतं तर बोलत बसलो असतो, ही वर्तुळं दिसलीच नसती.

गंमत म्हणजे दशावताराच्या नाटकाला मी एकटाच बसतो. आधी संकासुराचं सोंग, मग पुराणातलं आख्यान, पार उजाडेपर्यंत. तिथे कुणी काही विचारत नाही.

निघताना काका पुन्हा दारातच.

"मगे? गावलो काय कोण?"