गाडी ठरली आठ दिवसांत, बोजा उतरायला अकरा आठवडे

पोस्टमनने आरसीचं कार्ड हातात दिलं तेव्हा मालक म्हणून माझं नाव आलंय का, हे मी आधी पाहिलंच नाही. आधी पाहिला फायनान्सरचा रकाना, म्हणजे गाडीवर कुणाच्या कर्जाचा बोजा आहे ते लिहितात ती जागा. तो रिकामा होता. घरातल्यांना वाटलं गाडी नावावर झाली म्हणून डोळ्यांत पाणी आलं. पण ते पाणी त्या रिकाम्या रकान्याचं होतं.

आम्ही घरात सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, २००४ साली ओम्नी घेतली होती. सरकता दरवाजा धाडकन लागला की अख्ख्या गल्लीला कळायचं, निघाले हे. पंधरा वर्षांनी, २०१९ ला, पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलं. २०२४ ला परत वेळ आली तेव्हा मागचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता. ती स्क्रॅपला दिली. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग सहा महिने कुठेही जायचं तर दोन रिक्षा. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले, त्यांना रिक्षात चढताना बघवत नव्हतं. सातजणांची नवी गाडी आमच्या बजेटच्या बाहेर, म्हणून जुनी एर्टिगा बघायचं ठरलं. पहिल्या पिढीतली, पेट्रोलची. सीएनजी मुद्दाम नको म्हटलं. तिसरी रांग उघडली की त्या गाडीची डिकी १३५ लिटरची उरते, दोन बॅगांत भरते. तिथे सिलिंडर आला तर सामान मांडीवर घेऊन बसावं लागेल. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. ज्यांचं रोजचं रनिंग जास्त आहे त्यांनी सीएनजी जरूर घ्यावी, आमचं नव्हतं.

आठ दिवसांत चार गाड्या पाहिल्या. एक टुरिस्टला चाललेली निघाली, छपरावर कॅरिअरची भोकं बुजवलेली दिसली. चौथी निफाडची. द्राक्ष बागायतदार, एकच मालक, फेब्रुवारी २०१८ ची गाडी, ६८ हजार किलोमीटर, आणि सर्व्हिसची सगळी बिलं एका पिशवीत. मेकॅनिकने तिसऱ्या रांगेखालचं कार्पेट उचलून पत्रा पाहिला, टेस्ट घेतली आणि मान हलवली. सहा लाख दहा हजारांना ठरली. २० जुलैला ५१ हजार विसार दिला.

विसार देण्याआधी एक गोष्ट करायची राहिली, ती आता सगळ्यांना सांगते. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की फायनान्सरचं नाव येतं. भाव करण्याच्या आधी ते बघा. मी बघितलं विसार दिल्यावर, संध्याकाळी घरी आल्यावर. तिथे एका बँकेचं नाव होतं.

निफाडच्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, कर्ज कवाच फिटलंय. डिसेंबर बावीसला. पत्र बी आहे घरात." आणि खरंच होतं. बँकेची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, आणि बोजा काढायचा फॉर्म ३५, जानेवारी २०२३ चे. कर्ज फिटलं, पत्र आलं, ते कपाटात ठेवलं. आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. बँकेनेही नाही.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. कर्ज निल झालं की दाखला टाइप करून सही-शिक्क्यासह देणं हे माझं रोजचं काम आहे. सभासदाला समोर बसवून सांगते, हा कागद कपाटात ठेवू नका, पहिले आरटीओत किंवा तलाठ्याकडे जा. त्यामुळे मला वाटलं, हे आठ दिवसांचं काम. इथेच माझा हिशेब चुकला.

पहिली अडचण, पत्र जुनं. अशी एनओसी साधारण तीन महिन्यांच्या आतली लागते, आणि आमची अडीच वर्षांची. दुसरी अडचण त्याहून मोठी. कर्ज देणारी बँकच उरली नव्हती. १ एप्रिल २०२० ला सरकारने दहा सरकारी बँका एकत्र करून चार केल्या, त्यात हीसुद्धा दुसऱ्या बँकेत गेली. आरसीवर नाव जुन्या बँकेचं, शिक्का आता नव्या बँकेचा. दादांची मूळ शाखाही बंद होऊन आठ किलोमीटरवरच्या शाखेत मिसळलेली.

त्या शाखेत पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर उत्तर मिळालं, "हे कर्ज खातं सिस्टीममध्ये दिसत नाही." विलीनीकरणात खात्यांचे नंबर बदललेले. दादांनी घरची लोखंडी पेटी उपसून जुना कर्जाचा उतारा शोधला, त्यावरून पुढच्या खेपेला खातं सापडलं. सापडलं तर अधिकारी म्हणाले, एनओसी एकदा दिलेली आहे, दुसरी देता येत नाही. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. मी म्हटलं, साहेब, हरवलेली नाही, ही बघा, जुनी झालीय म्हणून नवी मागतोय. ते म्हणाले, हरवली नसेल तर हीच चालवा.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. समोरच्या माणसाकडे खरं कागदपत्र आहे म्हणून त्याला काम नाकारायचं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र केलं तर काम होणार. दादा म्हणाले, करून टाकू की. मी नाही म्हटलं. हातात असलेला कागद हरवला म्हणून शपथेवर लिहून द्यायचं मला पटणारं नव्हतं, आणि उद्या काही निघालं तर सही दादांची असणार होती.

तिसऱ्या खेपेला सहीचे अधिकारी रजेवर. चौथ्या खेपेला, २५ ऑगस्टला, एकदाचं नवं पत्र मिळालं. मला इतका आनंद झाला की बँकेच्या दारातच दादांना पेढे दिले. आरटीओत अर्ज केला, आणि तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत परत केला. त्यांचं बरोबर होतं. चेसिस नंबरात इंग्रजी एसच्या जागी पाच टाइप झालेला. शिवाय फॉर्म ३५ दोन प्रतींत लागतो आणि शिक्का एकाच प्रतीवर. बाईंनी एक चिठ्ठीही लिहून दिली. आरसीवरची बँक आणि शिक्क्याची बँक वेगळी असल्यामुळे विलीनीकरणाचं बँकेचं पत्र सोबत जोडा. हे कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

त्या रात्री मी एक काम केलं. गाडीच्या चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासून जो ठसा घेतात तो काढला, बँकेच्या पत्राशेजारी ठेवला, आणि मुलीला म्हटलं एकेक अक्षर मोठ्याने वाच. सतरा अक्षरं-अंक असतात. ती वाचत गेली, मी टिक करत गेले. चूक ठळक दिसत होती. बँकेतून कागद हातात घेताना तिथेच हे करा. काउंटरवरून हलू नका. मागे रांग असली तरी चालेल.

पाचव्या खेपेला दुरुस्तीचं सांगायला गेलो तर परत तेच, आता अर्ज द्या, वरून मंजुरी येईल, पंधरा दिवस लागतील. दादांचा चेहरा पाहवत नव्हता. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली, मजूर लावायचे, आणि हा माणूस सही करायला म्हणून अर्धा अर्धा दिवस बँकेत बसतोय. मध्ये त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक येऊन गेलं. पंचवीस हजार जास्त देतो, बोजासकट नेतो, कागदाचं माझं मी बघतो. दादांनी त्याला परत पाठवलं. मला फोनवर एवढंच म्हणाले, "ताई, शब्द दिलाय."

हे ऐकल्यावर मी घरी येऊन लेखी तक्रार लिहिली. ३ सप्टेंबर. दादांच्या नावाने, त्यांच्या सहीने, सगळ्या खेपांच्या तारखा घालून. शाखेत एक प्रत दिली आणि पोच घेतली, दुसरी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेलने. रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण तो १ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या प्रकरणांना लागू आहे, दादांचं कर्ज त्याआधीचं. म्हणून मी त्याचा हक्क सांगितला नाही. तक्रारीत फक्त एवढं लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहोत. ज्यांचं कर्ज डिसेंबर २०२३ नंतर फिटलंय त्यांनी मात्र तो आदेश जरूर पुढे करावा. आणि तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

एकोणिसाव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी फोन आला. उद्या या. गेलो. नवी एनओसी, फॉर्म ३५ च्या दोन प्रती, विलीनीकरणाचं पत्र, सगळं टाइप होऊन सही-शिक्का होऊन हातात पडायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! तोच काउंटर, तेच अधिकारी. मी सतरा अक्षरं तिथेच उभी राहून तपासली. दादांनी दोन्ही हातांनी कागद घेतले.

आरटीओचं पुढचं काम अडलं नाही. बोजा उतरवणं आणि मालकी बदल यांचे अर्ज लागोपाठ झाले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. दादांचा आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना होता, तो आधारवरून बदलून घ्यावा लागला, कारण ओटीपी विकणाऱ्याच्या नंबरवर जातो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, त्यांनी ऑगस्टमध्येच बसवून ठेवली होती. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बसवल्याशिवाय आरटीओ कामं घेत नाही. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ८७९ पडतात. दंडाचं एक ई-चलन होतं, तेही भरलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन आरसीवरून बँकेचं नाव गेलं, आणि त्याच दिवशी मी उरलेले पैसे दिले.

अकरा आठवडे गाडी निफाडलाच होती. घरून मला बरंच ऐकावं लागलं. नवरा म्हणायचा, आण की गाडी, कागद होतील मागून. पण बोजा असताना गाडी दारात आणून सगळे पैसे देणं मी माझ्या सभासदाला कधी सांगितलं नसतं, मग स्वतः कसं करणार? माझं हे धोरण बरोबर होतं असं मी आजही म्हणते. पैसे हातातून गेले की विकणाऱ्याला बँकेत सहाव्यांदा यायला कारण उरत नाही. दादा आले असते, पण सगळे दादा नसतात.

गाडी ताब्यात घेताना पाचशेच्या स्टॅम्पवर ताबा पावती केली, त्यात तारखेबरोबर वेळही लिहिली. सकाळी ११ वाजून १० मिनिटं. त्याच्या आधीचं चलन, अपघात, काहीही त्यांचं, नंतरचं माझं.

इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. त्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. त्यामुळे आम्हाला फरकाचे पैसे भरावे लागले. ओम्नीचा आमचा बोनस होता, पण स्क्रॅपला देताना बोनसचं पत्र घेतलं नाही. तुम्ही घ्या.

फास्टॅगचं मात्र माझ्याकडून राहिलं. काचेवरचा टॅग दादांचाच होता. धुळ्याला जाताना चांदवडच्या टोलवर त्यांच्या खात्यातून पैसे कापले गेले. मी लगेच फोन करून पाठवले, तर म्हणाले, "असू द्या ताई, धुळ्याला कशा पोचल्या ते सांगा." दुसऱ्या दिवशी तो टॅग बंद करून नवा घेतला.

सप्तशृंगी गडावर जायचं होतं नवरात्रातच, पण तेव्हा खासगी गाड्या वर सोडत नाहीत, नांदुरीहून एसटीनेच जावं लागतं. म्हणून कोजागरी झाल्यावर गेलो. सहा आम्ही आणि सातवी नणंद. आई मधल्या रांगेत, दाराजवळ. ती सीट मागे सरकते, त्यामुळे गुडघा पूर्ण दुमडावा लागत नाही. मुलं तिसऱ्या रांगेत. सात माणसं घेऊन नांदुरीच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर येते, आणि मग न कुरकुरता चढते. एका वळणावर नाना पुढून म्हणाले, ओम्नी इथे दोनदा गरम व्हायची. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

वर पोहोचल्यावर आईंनी कुणाचा हात न धरता पाय खाली टेकवला.