मधूनच काढलेली नोंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असताना अडत दुकानात कोणालाही संगणकापाशी खोळंबायला सवड नसते, म्हणून तेथील दिवाणजींचा भर दुपारी फोन आला तेव्हा मी हातातले काम सोडून निघालो. एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशेबात, पस्तीस हजार रुपये जादा दिसत होते. "साहेब, मी फक्त शेवटची नोंद मागे घेतली," एवढेच दिवाणजी सांगत होते. त्या सॉफ्टवेअरची देखभाल आमच्याकडे नव्यानेच आली होती.

त्यांना मी सगळा क्रम पुन्हा करायला सांगितला. तीन लॉट होते: ४०,०००, ३५,००० आणि ५०,००० रुपयांचे, म्हणजे एकूण १,२५,०००. दुसऱ्याचा सौदा मोडला म्हणून तो 'रद्द' केल्यावर बेरीज ९०,००० झाली, तीही बरोबर होती. मग तिसऱ्याचे वजन चुकले म्हणून त्यांनी 'मागे घ्या' हे बटण दाबले आणि ४०,००० दिसायच्या जागी ७५,००० दिसले.

कोड उघडल्यावर कारण सापडले. प्रत्येक नोंदीचे ऑब्जेक्ट, म्हणजे तिची माहिती बाळगणारी प्रोग्राममधली वस्तू, आपल्याआधीची बेरीज स्वतःजवळ ठेवून स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी उचलायच्या थप्पीवर, चढत असे. ही रचना मला आजही उत्तम वाटते, परंतु ज्या क्रमाने ऑब्जेक्ट चढले त्याच्या उलट क्रमानेच ते उतरले, तरच ती खरी ठरते. 'रद्द'च्या मेथडने, म्हणजे ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याने, दुसऱ्या लॉटचे ऑब्जेक्ट स्टॅकच्या मधूनच उपसून टाकले होते, आणि तिसऱ्याने जपलेली ७५,००० ची बेरीज, जिच्यात रद्द झालेला लॉट धरलेला होता, तशीच राहिली होती.

स्टॅकच्या मधून काही काढता येतेच कसे, हा खरा प्रश्न आहे. हे सॉफ्टवेअर ज्या जावा भाषेत आहे, तिच्यातील 'स्टॅक' हा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) पहिल्या आवृत्तीपासून 'व्हेक्टर' या यादीच्या क्लासचा वारसदार आहे, त्यामुळे हव्या त्या क्रमांकावर घालण्याच्या आणि काढण्याच्या व्हेक्टरच्या सगळ्या मेथड त्याला आपोआप मिळतात. मला हा वारसाच चुकीचा वाटतो, कारण ज्या वस्तूचे सारे मोल बंधनात आहे तिला येथे मुभा वारशाने मिळते. त्याऐवजी २००६ मध्ये जावा ६ बरोबर आलेला क्लास 'अ‍ॅरेडेक' वापरावा, हे योग्यच. पण तोही दोन्ही टोकांनी उघडा असतो. म्हणून मी स्वतंत्र क्लास लिहिला, अ‍ॅरेडेक त्याच्या आत प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लागेल असा, ठेवला आणि बाहेर पुश (वर चढवणे), पॉप (वरचे उतरवणे), पीक (वरचे नुसते पाहणे) आणि 'रिकामा आहे का' एवढ्याच मेथड दिल्या. 'रद्द' ही आता जुनी नोंद पुसत नाही. ती स्वतःच एक नवी कृती म्हणून वर चढते आणि मागे घेताना सर्वांत आधी उतरते.

नवा क्लास बसवताच कंपायलरने, म्हणजे कोड तपासून त्याचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, जुन्या मेथड वापरणाऱ्या जागा एकेक करून दाखवल्या. त्यांत नोंदींचा इतिहास दाखवणारा पडदाही होता. जुन्या स्टॅकवर लूप फिरवला की सर्वांत जुनी नोंद आधी येते, अ‍ॅरेडेकवर पुशने चढवलेल्यांपैकी सर्वांत नवी. त्यामुळे त्या पडद्यासाठी मला फक्त वाचता येईल अशी प्रत देणारी पाचवी मेथड लिहावी लागली. ती कोणत्या क्रमाने द्यावी, हे मी दिवाणजींनाच विचारले. पट्टी वरून खाली वाचतात, तेव्हा जुनी नोंद वरच हवी, असे त्यांनी सांगितले.