नकलेतला घोडा

बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यांना घेऊन फ्लोरेन्सला जायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, उफ्फीझी या चित्रसंग्रहालयातून त्यांना बाहेर काढणं अवघड जाईल. प्रत्यक्षात ते अडकले पलाझ्झो वेक्किओत, म्हणजे तिथल्या जुन्या नगरवाड्यात. तेही अशा एका चित्रापायी, जे तिथे नाही.

वाड्यातलं मोठं दालन ५४ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद आहे. लग्नाच्या चार पंगती एकदम उठतील एवढं. इथल्या भिंतीसाठी १५०३ साली लिओनार्दो दा विंचीला एक लढाई रंगवायला सांगितली. २९ जून १४४० ला आंगियारी गावाजवळ फ्लोरेन्सच्या बाजूने मिलानच्या फौजेला हरवलं होतं, ती लढाई. दुसरी लढाई, काशीनाची, मायकेलअँजेलोकडे दिली. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. नगराच्या कारभाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असावं अशी मला दाट शंका आहे. मायकेलअँजेलोचं काम कागदावरच्या पूर्णाकृती आराखड्यापुढे गेलं नाही, आणि तो आराखडाही पुढे फाटून तुकडे तुकडे झाला. आज तो कळतो तो १५४२ च्या एका नकलेवरून. ती इंग्लंडात होल्कम हॉलमध्ये आहे.

लिओनार्दोची गोष्ट जास्त गुंत्याची. ६ जून १५०५, शुक्रवार. रंगवायला हात घातला तोच आभाळ फिरलं, आराखडा फाटला, पाण्याचं भांडं सांडलं आणि संध्याकाळपर्यंत पाऊस कोसळत राहिला. हे त्यानेच वहीत लिहून ठेवलंय. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवण्याची फ्रेस्कोची रीत त्याला मानवत नसे. त्याला सावकाश, थर देत, तेलात काम करायचं होतं. रंग भिंतीवर धरेना. वाळवायला खाली आग पेटवली, तर खालचा भाग वाळला आणि वरचा ओघळला, असं एक जुना लेखक सांगतो. १५०६ मध्ये लिओनार्दो मिलानला निघून गेला आणि चित्र तसंच राहिलं. तरी १५४९ च्या एका पत्रात दोनी नावाचा लेखक आपल्या मित्राला सांगतो, की दालनात लिओनार्दोच्या लढाईतले घोडे आणि माणसं आहेत, ती चुकवू नकोस. पुढे १५६० च्या दशकात चित्रकार जॉर्जो वझारीने सगळं दालन बदललं आणि भिंतींवर स्वतःच्या लढाया रंगवल्या.

त्यातल्याच एका चित्रात एका हिरव्या निशाणावर बारीक अक्षरं आहेत: 'चेर्का त्रोवा'. शोध, सापडेल. खालून ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्या शेजारचा एक मुलगा मोबाइल झूम करून आईला दाखवत होता. या दोन शब्दांवर बरंच घडलंय. वझारीने लिओनार्दोचं चित्र पुसलं नसून पुढे दुसरी भिंत उभारून मागे जपलं असेल, असा तर्क निघाला. त्यापायी २०११ च्या अखेरीस वझारीच्या चित्राला भोकं पाडून आत कॅमेरा घातला, काळ्या रंगाचे कण मिळाल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं, कलेच्या अभ्यासकांनी आरडाओरडा केला आणि काम थांबलं. २०२० मध्ये तर काही अभ्यासकांनी सांगितलं की भिंतीवर लिओनार्दोने काही रंगवलंच नव्हतं.

"एका चित्राला भोकं पाडून दुसरं शोधायचं?" बाबा म्हणाले. "नकला आहेत ना? त्या बघू."

याच वाड्याच्या संग्रहात सोळाव्या शतकातली एक नक्कल आहे, करणारा अनामिक. चौघे घोडेस्वार एका निशाणासाठी झोंबतायत, घोड्यांचे पुढचे पाय एकमेकांत अडकलेत, माणसांइतकेच घोडेही दातांनी लढतायत. खाली पडलेले सैनिक. डावीकडचा स्वार तर असा पिळवटलाय की त्याचं धड कुठे संपतं आणि घोडा कुठे सुरू होतो ते समजत नाही. बाबा त्या जागेकडे बराच वेळ बघत होते.

"इथे ह्याचा हात अडखळलाय. पुढ्यातलं समजलं नाही, पण उतरवायचं तर होतं. माझ्या वर्गातली पोरं असंच करायची."

संध्याकाळी हॉटेलात मी मोबाइलवर बाकीच्या नकला काढल्या. सगळ्यांत गाजलेली फ्लेमिश चित्रकार रुबेन्सची, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पण कागदावरची, त्यामुळे सहसा उजेडात टांगत नाहीत. रुबेन्स जन्मला १५७७ मध्ये, म्हणजे मूळ त्याने पाहिलंच नाही. एका अनामिक इटालियनाचं जुनं रेखाटन घेऊन त्याने त्यावर शाई नि पांढरा रंग चढवला, कडेला कागद जोडून चित्र वाढवलं. काय जोरकस झालंय! पण तो जोर कोणाचा? लुक्काच्या झाक्कियाचं १५५८ चं छापचित्र तर आणखी कोड्यात टाकतं. त्यावर लिहिलंय की हे लिओनार्दोच्या हातच्या एका फळीवरून काढलं. भिंतीचा उल्लेखच नाही.

आणि मग 'तावोला दोरिया'. ८६ बाय ११५ सेंटिमीटरची लाकडी फळी, जेनोआच्या दोरिया घराण्याकडून फिरत फिरत जपानला पोचलेली. २०१२ मध्ये इटलीला परत मिळाली, आणि ठरावाप्रमाणे दोन्ही देशांत आळीपाळीने राहते. पूर्वी ती खुद्द लिओनार्दोची असावी असं मानणारे होते. आता पोप्पी नावाच्या चित्रकाराचं नाव पुढे आहे. बाबांना हीच आवडली, कारण हिच्यात काही भाग नुसते सोडून दिलेत. जिथे रुबेन्स हातात तलवार देऊन मोकळा होतो, तिथे हिच्यात तलवारच नाही.

"अजिंठ्याचं उलटं झालं," बाबा एकदम म्हणाले. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक गेल्या. मग मुंबईच्या जे. जे.च्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. "आपल्याकडे भिंत राहिली, कागद गेले."

तिसऱ्या दिवशी रेल्वेने आरेझ्झो, तिथून बसने आंगियारी. टेकडीवरचं गाव, आणि गावातून खाली मैदानात उतरणारा एक रस्ता इतका सरळ की फुटपट्टी ठेवून आखल्यासारखा. तो सान्सेपोल्क्रोच्या दिशेला जातो. याच बाजूने मिलानचा सेनापती पिच्चिनिनो आला होता. फ्लोरेन्सचा मुत्सद्दी आणि लेखक मॅकियाव्हेली लिहितो की एवढ्या मोठ्या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडवला गेला म्हणून. भाडोत्री सैन्य किती कुचकामी हे त्याला पटवायचं होतं. इतर बखरकार मेलेल्यांचा आकडा बराच मोठा देतात. १५०४ च्या लिओनार्दोच्या करारावर साक्षीदार म्हणून हाच मॅकियाव्हेली होता.

बाबा कट्ट्यावर बसले आणि वही काढली. मला वाटलं, समोरची शेतं काढतील. पंधरा मिनिटांनी बघते तर घोडा, दात विचकलेला, मान मुरडलेली. मागचा भाग कोरा.

"बाबा, शेपूट?"

"नीट दिसली नव्हती," बाबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले.