आमची वाटचाल: चौकोन कोणीही विणतं, जोडणीचं बोला

आमचं क्रोशाच्या ब्लँकेटांचं दुकान म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याची पुढची खोली. 2009 मध्ये मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सुरू केलं. इतवारी बाजारातून आणलेली ॲक्रेलिक लोकर, चार क्रोशाच्या सुया आणि एक बोथट, मोठ्या डोळ्याची सुई, एवढंच भांडवल. ती बोथट सुई अजून माझ्याच डब्यात आहे, कोणाला देत नाही. टोकदार सुई धाग्याच्या पोटातून घुसते, लोकर फाटते आणि नंतर टाका उसवायची वेळ आली तर डोळ्यांत पाणी येतं.

जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, चौकोन विणायच्या, ते एकमेकांना शिवून जोडणं माझ्याकडे. चार फेऱ्यांचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर फेऱ्या घालत विणलेला चौकोन; एका बाजूला 12 खांब, म्हणजे उभे टाके, कोपऱ्यात दोन साखळ्या. दोन्हीकडचे खांब मोजून सारखे आले तरच शेजारी ठेवायचे. एकीकडे 11 निघाले की लोक ओढूनताणून जुळवतात, मग ब्लँकेटचा काठ नागमोडी जातो.

2014 च्या डिसेंबरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या पाहुण्यांसाठी, एका हॉटेलने 30 ब्लँकेटांची ऑर्डर दिली. प्रत्येकात 64 चौकोन. आडव्या सात आणि उभ्या सात, म्हणजे एका ब्लँकेटला 14 शिवणी; एकूण 420. हात पाच बायकांचे. त्यातली एक भारी चपळ. ती मला म्हणाली, "ताई, शेवटी धाग्याला गाठ मारून कापून टाकू ना. आतलं कोण पाहून राहिलं?" मी हो म्हटलं. चूक माझीच, पण सुचवलं तिनं, हे मी आजही विसरत नाही.

शिवाय खांबाच्या डोक्यावर जो व्ही दिसतो, त्याचा फक्त मागचा धागा घेऊन आम्ही व्हिपस्टिच, म्हणजे काठावरून गुंडाळत जाणारा टाका, घातला. तसा घातला की वरून रेघ सुबक दिसते. शाल असती तर चाललं असतं; ब्लँकेटच्या वजनाला एकच धागा पुरत नाही.

जानेवारीत सगळा माल परत आला. मशीनमध्ये एकदाच धुतला होता. ॲक्रेलिक घसरडं, गाठी सुटल्या. मी एक ब्लँकेट उचललं, तर मधली अख्खी ओळ टर्रकन उघडली आणि धागा माझ्या बोटाला अडकून लोंबत राहिला. पैसे थांबले. लोकरवाल्याची उधारी डोक्यावर. ताईंनी बांगड्या गहाण टाकल्या, घरात कोणाला सांगितलं नाही.

तीन महिने आम्ही उसवलं आणि शिवलं. या वेळी व्हीचे दोन्ही धागे घेतले. धागा हातभरच कापायचा, लांब घेतला तर घासून घासून तंतू सुटतात. टाका ओढायचा नाही, नुसता बसवायचा. शेवटी धाग्याची सहा इंच शेपूट ठेवून ती उलट-सुलट तीनदा आत ओवायची. चार चौकोन भेटतात तिथे भोक राहतं, तिथून सुई तिरकी एकदा जास्त फिरवायची.

ती चपळ बाई त्याच मार्चमध्ये आमचं काम सोडून गेली. दोन गल्ल्या सोडून दुकान टाकलं, पाटीवर लिहिलं: कधीच न उसवणारी जोडणी. बाप्पा!

त्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एक काकू आल्या. नातवासाठी ब्लँकेट हवं होतं. नमुना हातात घेतला आणि आधी उलटा केला. शिवणीवरून नख फिरवलं, एक शेपूट ओढून पाहिली. मग पूर्ण पैसे आगाऊ मोजले. त्या पैशांतून पहिली बांगडी सुटली. काकू अजूनही उलट बाजूच आधी पाहतात.

2016 पासून धंदा नीट चालू आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी त्या दुसऱ्या दुकानाचं ब्लँकेट घेऊन आली. एका कोपऱ्यातून उघडलं होतं. आत गाठच होती. मी मुकाट्याने शिवून दिलं, आणि पैसे पूर्ण घेतले.