उद्या दूध नको

आमचं अॅप उघडलं की दोन सेकंद लोगो आणि मग होम स्क्रीन, एवढंच करायचं होतं. अँड्रॉइडमध्ये हँडलर (दिलेलं काम रांगेत लावून वेळ झाली की चालवणारा) घेतला, पोस्टडिलेड म्हणजे 'इतक्या वेळाने कर' असं लिहिलं, 2000 मिलिसेकंद टाकले, झालं. टेस्टरने लोगो दिसत असतानाच बॅक दाबलं, अॅप बंद केलं, चॅट बघायला गेला आणि त्याच्या जुन्या फोनवर आमची होम स्क्रीन मधेच टपकली!

सोपंय म्हटलं, ऑनडिस्ट्रॉयमध्ये, म्हणजे स्क्रीन बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये, लावलेलं काम रद्द करणारं रिमूव्हकॉलबॅक्स लिहू. लिहिलं. तरी टपकतेच. अर्धा दिवस गेला, दोन चहा गेले, मग दिसलं की काम लावताना मी एक लॅम्डा (बिननावाचा कोडचा तुकडा) दिला होता आणि काढताना तोच कोड कॉपी करून दुसरा. हँडलर आत काय लिहिलंय ते वाचतच नाही, हाच तो ऑब्जेक्ट का एवढंच बघतो, आणि नाही सापडला तर गप्प. एरर नाही, काही नाही.

मागे गावाला जाताना आईने "उद्यापासून चार दिवस दूध नको" असं नेमकं बदलीवर आलेल्या दूधवाल्याच्या भावाला सांगितलं. चेहरा तोच, सायकल तीच. परत आलो तर दाराला आठ पिशव्या आणि वास खालच्या मजल्यापर्यंत.

म्हणजे रनेबल (हँडलरला द्यायचं काम) आधी व्हेरिएबलमध्ये नाव देऊन धरून ठेवायचा, लावताना तोच, काढताना तोच. नाहीतर रिमूव्हकॉलबॅक्सअँडमेसेजेसला नल (म्हणजे 'काहीच नाही') देऊन त्या हँडलरची सगळी रांगच झाडून टाकायची, दूध, पेपर, सगळं बंद. आयफोनवाल्या मित्राचंही तेच रडगाणं, असिंकआफ्टरला (तिकडचं पोस्टडिलेड) साधा ब्लॉक, म्हणजे कोडचा तुकडा, दिला की तो परत बोलावता येत नाही, त्याचा डिस्पॅचवर्कआयटम (हातात धरता येणारं काम) करून दिला तर कॅन्सल होतो, पण तो सुरू व्हायच्या आत. अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेतल्या कोरूटीनमध्ये (मधे थांबू शकणारं काम) मात्र लाइफसायकलस्कोपमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या आयुष्याला बांधून, डिले टाकला की स्क्रीनबरोबर तोही जातो, फार सुख आहे ते. (हँडलरचं घड्याळ फोन गाढ झोपला की थांबतं हे मला नंतर कळलं, तासाभराने आठवण करायची असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, अलार्ममॅनेजर बघा.)

आई आता भावाला काही सांगत नाही, थेट दूधवाल्याला फोन लावते आणि "काय सांगितलं मी?" म्हणून त्याच्याकडून वदवून घेते. मी त्या रनेबलचं नाव दूधवाला ठेवलं होतं, रिव्ह्यूमध्ये बदलायला लावलं.