दारापर्यंत

कादंबरीतल्या माणसाला खुर्चीतून उठवून दारापर्यंत नेण्यात माझी परवाची अख्खी सकाळ गेली. त्याने उठायचे, चार पावले चालायचे आणि रात्रीच्या वेळी कोणालाही न सांगता घराबाहेर पडायचे, एवढाच प्रसंग होता. पण खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की पलीकडच्या खोलीतली त्याची बहीण जागी होणार, जागी झाली की दोन वाक्ये बोलणार, आणि ती बोलली की त्याच्या गुपचूप जाण्यात काही राम उरणार नाही. म्हणून मी खुर्ची काढून टाकली आणि त्याला पलंगाच्या काठावर बसवले, तर तो पलंग करकरतो असे दुसऱ्या प्रकरणात मीच हौसेने लिहून ठेवलेले निघाले. माणूस परत खुर्चीवर आला. दुपारी बाराच्या सुमारास कागदावर ‘तो दारापाशी गेला’ एवढे तीन शब्द शिल्लक होते आणि खुर्चीचा कुठेही उल्लेख नव्हता.

नवे पुस्तक कुठवर आले, असे कोणी विचारले की मी ‘निम्मे झाले’ असे सांगते. गेल्या वर्षीही मी हेच सांगितले होते, आणि दोन्ही वेळा ते खरे होते, कारण दरम्यानच्या काळात पुस्तकच दुपटीने वाढले. विचारणाऱ्याला हा हिशेब पटत नाही. दिवसाला पाचशे शब्द धरले तर शंभर दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी व्हायला हवी, हे गणित मलाही येते. फक्त त्या शंभर दिवसांपैकी काही दिवशी पाचशे शब्द लिहिले जातात आणि काही दिवशी सातशे खोडले जातात, हे त्यात कुठे मांडायचे ते मला अजून उमगलेले नाही.

सकाळी लिहायला बसल्यावर पहिले काम म्हणजे आदल्या दिवसाचे पान वाचणे. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही सवय खरे तर फार धोक्याची आहे. अँथनी ट्रॉलोप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसत असे आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द हातावेगळे करीत असे. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि लोक ते शब्दांचे मोजमापच तेवढे लक्षात ठेवतात. मला मात्र त्याचा हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. तोही रोज आदल्या दिवसाचे लेखन वाचूनच सुरुवात करी, पण अर्ध्या तासात ते वाचणे संपवून पुढे जाई. मी वाचायला घेते, एक विशेषण खटकते, ते बदलले की शेजारचे वाक्य लंगडे होते, ते सावरेपर्यंत मागचा परिच्छेद उघडा पडतो, आणि अशा रीतीने माझ्या कादंबरीचे पहिले प्रकरण नऊ वेळा लिहून झालेले असताना शेवटच्या प्रकरणाला अजून तोंडही फुटलेले नाही. घासूनपुसून लख्ख केलेले ते पहिले प्रकरण बहुधा टाकूनच द्यावे लागणार, कारण गोष्ट खरे तर दुसऱ्यात सुरू होते. हे मला चौथ्या वेळीच समजले होते.

पात्रे लेखकाच्या हातून निसटतात आणि आपल्या मर्जीने वागू लागतात, असे पुष्कळ जण सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. माझी पात्रे भलतेसलते वागतात तेव्हा बहुतेक वेळा मीच काहीतरी विसरलेली असते. माझा नायक दुसऱ्या प्रकरणात जिन्यावरून पडून उजवे मनगट मोडून घेतो. असे प्लास्टर साधारण सहा आठवडे ठेवावे लागते. पाचव्या प्रकरणात, म्हणजे अपघातानंतर नवव्या दिवशी, हाच गृहस्थ खाली वाकून दोन्ही हातांनी बुटाची नाडी बांधतो आणि वर शीळही घालतो. चूक लक्षात आल्यावर नाडी मी त्याच्या बहिणीला बांधायला लावली. तीन वर्षे एकमेकांशी नीट न बोललेल्या त्या दोघांमध्ये, ती खाली बसून गाठ मारीत असताना, जे काही घडले ते या खर्ड्यातले मला सर्वांत आवडलेले पान आहे. ते पान गफलतीतून आले, हे कबूल करायला हरकत नाही.

तेव्हापासून मी एका वहीत कादंबरीचे पंचांगच मांडले आहे. कोणता प्रसंग कितव्या दिवशी, प्लास्टरचे किती दिवस उरले, आकाशात चंद्र असेल का. चंद्राने मला फार छळले आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येत जातो, हे ठाऊक असूनही मी तृतीयेची नाजूक कोर रात्री अकरा वाजता गच्चीवर लटकवली होती. ती बिचारी केव्हाच मावळलेली असते.

नावाच्या बाबतीत तर मी पुरती फसले. नायकाचे नाव आधी राम होते; ते बदलून गोविंद करावेसे वाटले, म्हणून संगणकाला सगळीकडे ‘राम’च्या जागी ‘गोविंद’ घालायला सांगितले. त्याने निमूटपणे तसे केले. ‘रामाने’चे ‘गोविंदाने’ अगदी व्यवस्थित झाले, पण डॉक्टरांनी त्याला महिनाभर आगोविंद सांगितला, आणि बहिणीने आपल्या तक्रारींना कायमचा पूर्णविगोविंद दिला. ही वाक्ये एकेक करून हुडकताना मी इतकी हसले की त्या दिवशी दुसरे काही लिहूनच झाले नाही.

परवा बाराला मी मुद्दाम थांबले. पुढचे वाक्य ठाऊक असतानाच लेखणी खाली ठेवली, तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर ताटकळावे लागत नाही, एवढे एक पथ्य मी पाळते. काल बसता आले नाही. आज सकाळी तो दारापाशीच उभा होता, आणि मी, एकदाची, मागचे काही न वाचता थेट पुढे निघाले. बाहेरचा अंधार, पायरीवरचा गारवा, मागे झोपलेले घर, असे सगळे भराभर उतरत गेले. तासाभरात दीड पान झाले आणि त्यातला एक शब्दही मला खटकला नाही. मग सहज वही उघडली. गोविंदाने घट्ट बसलेली कडी उजव्या हाताने ओढली होती, आणि प्लास्टर निघायला अजून अकरा दिवस होते.