ताईच्या वाटीसाठी दोन अमावास्या

पौषी पौर्णिमेच्या संध्याकाळी दिवेआगरच्या समुद्रात ताईचं मंगळसूत्र वाढलं. 'तुटलं' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. रात्री पुण्याला फोन केला तेव्हाही आईला 'वाढलं' एवढंच सांगितलं, आणि आई एकदम गप्प झाली. एकवीस वर्षं गळ्यात असलेलं मंगळसूत्र ते. काळी पोत आणि मध्ये दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. गुडघाभर पाण्यात भाचा लाटेने घसरला, त्याने ताईच्या गळ्याला मिठी मारली आणि पोत गेली. मूठभर मणी हाती आले, बाकी सगळं पायाखालच्या वाळूत.

अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं वाळू चाचपत राहिलो. त्यातल्या त्यात एक बरं काम माझ्या हातून झालं. जिथे पोत गेली तिथेच उभा राहून मी किनाऱ्याकडे तोंड करून मोबाइलवर दोन फोटो काढले. एकात सुरूचं एक वाकडं झाड बरोबर एका पाण्याच्या टाकीसमोर आलं होतं, दुसऱ्यात दोन माड एकावर एक. समुद्रातली जागा लक्षात ठेवायला मच्छीमार किनाऱ्यावरच्या खुणा अशाच जुळवतात. फोटोवर वेळ होती 5 वाजून 42 मिनिटं. पुढचं सगळं या दोन फोटोंच्या जिवावर झालं.

मी भोसरीला मसाले-लोणच्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्या पॅकिंग लाइनवर मेटल डिटेक्टर आहे, पाकिटात लोखंडाचा कण गेला तर पट्टा थांबवतो. त्यामुळे यंत्राने शोधायचं हे दुसऱ्याच दिवशी डोक्यात आलं. दाजी म्हणाले, "सोड रे, नवीन करू." ताई काही बोलली नाही. तिचा हात सारखा गळ्याशी जात होता, तेवढं मला पुरलं.

घाईत चूक केली ती अशी. पुण्यातल्याच एका दुकानातून साडेअकरा हजारांचं यंत्र घेतलं. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून दिलं, पण पाण्यात चालणारी होती ती फक्त खालची गोल कॉइल. वरच्या डबीला पाण्याचा थेंब चालत नव्हता. हे घेण्याआधी विचारायला हवं होतं. गच्चीवर चाचणी घ्यायला गेलो तर यंत्र सतत ओरडतच राहिलं, कारण स्लॅबमध्ये सळ्या. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र केलं होतं. गोळी सापडली नाही, आणि पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात. ते वाचलं होतं, पण कळलं गच्चीवर.

माघी अमावास्येला पहिल्यांदा गेलो. अमावास्याच का, ते सांगतो. ताई उभी होती ती वेळ पौर्णिमेच्या ओहोटीची, म्हणजे पाणी जितकं आत जातं तितकं गेलेलं. एरवीच्या ओहोटीला ती जागा कमरेएवढ्या पाण्यात असते. ती उघडी पडणार ती पुन्हा उधाणाच्याच दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. कोकणात साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील तक्ताही जवळ ठेवला. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, हेही तक्त्यातूनच समजलं. ज्या वेळी पाणी जास्त उतरतं ती ओहोटी निवडायची.

त्या पहाटे कोरड्या वाळूवर यंत्र शहाण्यासारखं वागलं. ओल्या वाळूवर पाऊल टाकलं आणि किंचाळायला लागलं. लाट आली की आवाज, लाट गेली की आवाज, कॉइल बोटभर उचलली तरी आवाज. सेन्सिटिव्हिटी कमी करत करत शांत केलं, तर स्वतःच ठेवलेलं नाणंही त्याला दिसेना. तासाभरात एका लाटेने डबी भिजवली आणि विषय संपला. ताम्हिणी चढताना मी आणि दाजी एक शब्द बोललो नाही.

सोमवारी कामावर लोणच्याच्या लाइनपाशी उभा होतो, तेव्हा उलगडलं. कोरडी मिरचीपूड यंत्रातून गुपचूप जाते. लोणच्याचं पाकीट मात्र, आत धातूचा कणही नसताना, यंत्राला धातूसारखं भासतं, कारण खारट ओल वीज वाहून नेते. म्हणून आम्ही आधी चांगली पाकिटं पट्ट्यावरून फिरवून यंत्राला 'शिकवतो': हे लोणचं आहे, याकडे दुर्लक्ष कर. समुद्राचं तेच. यंत्राने काय शोधायचं हे नंतर, आधी त्याला कशाकडे बघायचं नाही हे शिकवायला लागतं. पंधरा वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट किनाऱ्यावर मला सुचली नव्हती.

अडचण अशी की मिठाच्या पाण्याचा सिग्नल आणि बारीक सोन्याचा सिग्नल जवळजवळ एकाच जागी पडतात. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला मीठ वगळायला सांगितलं की ते सोनंही वगळतं. दोन उपाय आहेत. एक पल्स पद्धतीचं यंत्र, त्याला मिठाचा त्रास फारसा नाही, पण खिळा आणि सोनं यात ते फरक करू शकत नाही. दुसरा, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र. मीठ आणि सोनं निरनिराळ्या फ्रिक्वेन्सीला निरनिराळं उत्तर देतात, त्यावरून ते दोघांना वेगळं काढतं. पिंपरीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे असं यंत्र होतं, मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स 600, तीन मीटर पाण्यापर्यंत चालणारं. त्यांनी महिनाभर वापरायला दिलं, एक पैसा न घेता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग घरीच समुद्र केला. प्लास्टिकच्या टबात वीस लिटर पाणी आणि सातशे ग्रॅम मीठ, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात वाळू. दिवेआगरहून भरून आणलेली पिशवीही ओतली. त्या वाळूतून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं तर त्याला काळी दाढी फुटली. ती मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटची काळी वाळू, कोकणभर सापडते, आणि डिटेक्टरला मिठाइतकीच छळते. आईने आपल्या मंगळसूत्रातली एक वाटी सोडवून हातावर ठेवली. म्हणाली, "हरवू नकोस म्हणजे झालं."

त्या टबाने मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली. काळी पोत यंत्राला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मणी काचेचे, आणि गाठवलेली तार इतकी बारीक की तिचा प्रत्येक वेढा यंत्राला सुटा वाटतो. सोन्याच्या नाजूक साखळीचंही असंच होतं. वाटी मात्र अखंड. तिच्या गोल काठावरून वीज फिरू शकते, म्हणून ती बोलते. चिरलेलं जोडवं वाटीपेक्षा मोठं असूनही क्षीण वाजलं, कारण वर्तुळ तुटलेलं. तेव्हा ठरलं, पोत विसरायची, वाटी ऐकायची. चार बोटं खोल पुरली की पडद्यावर धातूचा अंदाज देणारा आकडा 4 नाहीतर 5 यायचा, आणि आवाज असा की जणू कुणी दाराआड हळूच खाकरलं. पंधरा दिवस रोज रात्री जेवण झालं की मी तो आवाज ऐकत बसायचो. गुटख्याच्या पुडीचा चुरगळलेला पत्रा अगदी तसाच वाजतो. म्हणजे तसं वाजलेलं प्रत्येक ठिकाण खणायचं, याला दुसरा मार्ग नाही.

भोसरीतच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा जाळीदार डवला करून घेतला, भोकं 6 मिलिमीटरची. त्याने आधी 12 ची पाडायला घेतली होती. वाटी त्यातून सरळ गळून गेली असती. हेडफोनची वायर तपकीर गल्लीत लांब करून घेतली.

जाण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलिसांकडे पत्र दिलं, सोबत मंगळसूत्र घातलेला ताईचा फोटो. हे प्रत्येकाने करावं. जवळच शेखाडीला 1993 मध्ये आरडीएक्स उतरलं होतं, पहाटे किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणाऱ्याला विचारणा होणारच आणि व्हायलाच हवी. शिवाय दिवेआगर म्हणजे सुवर्णगणेशाचं गाव. 1997 मध्ये तिथल्या बागेत तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा मिळाला, 2012 मध्ये तो चोरीला गेला. जमिनीतल्या सोन्याचा विषय तिथे हळवा आहे. कायदाही माहीत हवा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांच्या आसपास तर यंत्र बाहेरच काढू नये. आणि याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, त्यामुळे भरतीरेषेच्या वर एकही खड्डा नाही, हे मी स्वतःवरच बंधन घातलं.

फाल्गुनी अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या पहाटे, पुन्हा त्या सुरूसमोर उभा राहिलो. फोटो बघत मागेपुढे सरकत झाड टाकीसमोर आणलं, माड माडावर आणले. तिथे काठी रोवली. सुतळीने दहा मीटरचा चौकोन आखून त्यात पट्टे पाडले. बीच मोड लावून यंत्र थोडं वरखाली करत त्याला तिथल्या वाळूशी जुळवून घेतलं, सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली. कॉइल वाळूला समांतर, अगदी सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. दीड तासात बुचं, दोन रुपयांची स्टीलची नाणी, जाळ्याची शिशाची वजनं. शिसं वाजलं की दर वेळी छातीत धडधडायचं. पाणी परत फिरलं तेव्हा अर्धा चौकोनही झाला नव्हता.

पाडव्याच्या दिवशी ओहोटी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. दाजी कंदील घेऊन बरोबर होते. काठीपासून सातएक पावलांवर, घोटाभर पाण्यात, दाराआडचं ते खाकरणं ऐकू आलं. आकडा 5. नव्वद अंशात वळून पुन्हा कॉइल फिरवली, तरी 5. पहिला डवला उपसला. खड्डा अजून वाजत होता. दुसरा उपसला, तेव्हा खड्डा गप्प झाला. डवला पाण्यात हलवत राहिलो. वाळू गळाली, शिंपल्यांचा चुरा उरला, आणि त्यात पालथी पडलेली वाटी. लाख जागेवर, आणि कडीत तारेचा तुकडा, त्याला तीन काळे मणी. दाजींनी ती तळहातावर घेतली आणि तिथेच पाण्यात बसले.

दुसरी वाटी त्या सकाळी मिळाली नाही. पुण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. आईने गुढी उभारून ठेवली होती. ताईने वाटी उजेडात धरली, काठावरचा बारीक पोचा बघितला आणि म्हणाली, "सासरची आहे."

पाडवा झाल्यावर सोन्या मारुती चौकात आमच्या नेहमीच्या सोनारांकडे गेलो. त्यांनी वाटी वजन करून जोडीची दुसरी घडवायची तयारी दाखवली. ताई म्हणाली, तूर्त एकच ओवा. माझ्याकडे बघून म्हणाली नाही, पण मी समजलो. माहेरची अजून तिथेच आहे. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, मग या फोटोंचा उपयोग राहणार नाही. यंत्राची मुदत मी महिनाभर वाढवून मागितली आहे, गृहस्थ हो म्हणाले. चौकोनाचे पश्चिमेकडचे चार पट्टे बाकी आहेत. चैत्री अमावास्येच्या आदल्या रात्री आम्ही निघतो आहोत, या वेळी ताईही येते आहे.